शाळेतले एक जादा वर्ष आणि लठ्ठपणाची जनुके

ब्रिटनमध्ये ३१ ऑगस्ट १९५७ रोजी जन्मलेल्या मुलाला पंधराव्या वर्षी शाळा सोडता येत होती. दुसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबरला जन्मलेल्याला मात्र सोळाव्या वर्षापर्यंत शाळेत बसणे भाग पडले. १९७२ मध्ये शाळा सोडण्याचे किमान वय तिथे एका वर्षाने वाढवले गेले, त्याचा हा परिणाम. त्या मुलांपैकी किती जणांनी सरकारच्या नावाने बोटे मोडली असतील कोण जाणे! आरोग्य संशोधकांना मात्र या तारखेने मोठीच मदत केली.

जास्त शिकलेली माणसे सरासरीने अधिक निरोगी असतात, हे अनेक देशांत दिसले आहे. पण ते शिक्षणामुळेच का? घरची सुबत्ता दोन्हींना हातभार लावते. शिवाय जनुके आहेतच. २०१८ मध्ये सुमारे ११ लाख लोकांच्या अभ्यासात शिक्षणाच्या वर्षांशी संबंध असलेले १,२७१ जनुकीय फरक सापडले. प्रत्येकाचा प्रभाव अगदी नगण्य, त्यामुळे ‘शिक्षणाचे जनुक’ असे काही नसते. तरी काही जनुकीय फरक शिक्षण आणि आरोग्य या दोन्हींशी जोडलेले असू शकतात, ही शंका उरतेच.

जन्म ऑगस्टच्या शेवटी की सप्टेंबरच्या सुरुवातीला, हे काही जनुके ठरवत नाहीत. नेमका हाच धागा पकडून बार्सेलोस, कार्व्हालो आणि टर्ली या संशोधकांनी ‘यूके बायोबँक’मधील माहिती तपासली. लठ्ठपणाचा जनुकीय धोका सर्वाधिक असलेला एक तृतीयांश गट आणि सर्वांत कमी असलेला गट यांच्यात, बेढब वाढलेल्या शरीराच्या प्रमाणात २० टक्के अंकांची तफावत होती. कायद्यामुळे वर्षभर जास्त शिकलेल्यांमध्ये ती ६ वर आली. जनुके तीच राहिली, त्यांची पकड तेवढी सैल झाली.

हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत आणि बायोबँकेत स्वेच्छेने आलेली मंडळी सर्वसामान्यांपेक्षा थोडी अधिक सुदृढ असतात. युरोपीयांवर बेतलेले जनुकीय गुणांक भारतीयांना तितकेसे लागू पडत नाहीत. लाळेच्या नमुन्यावरून लठ्ठपणाचा धोका सांगणारा अहवाल हाती आला, तर तो कोणत्या लोकांच्या माहितीवरून तयार झाला आहे, हे आधी विचारावे.