पेट-सीटी प्रतिमांतील श्वसनजन्य दोष

पेट-सीटी प्रतिमांतील श्वसनजन्य दोष म्हणजे तपासणी चालू असताना रुग्णाच्या श्वासोच्छ्वासामुळे संयुक्त प्रतिमेत निर्माण होणारी विकृती होय. ही विकृती फुप्फुसांचा खालचा भाग, श्वासपटल आणि यकृताचा वरचा भाग येथे प्रामुख्याने आढळते. कर्करोगाच्या निदानात गाठीचे स्थान व तिची क्रियाशीलता यांना निर्णायक महत्त्व असल्यामुळे हे दोष ओळखणे व कमी करणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

पेट तपासणीत रुग्णाच्या शरीरात किरणोत्सारी द्रव्य टोचले जाते. त्यासाठी बहुधा फ्लोरिन-१८ हे समस्थानिक जोडलेली ग्लुकोजसदृश शर्करा वापरतात. जेथे पेशी अधिक शर्करा शोषून घेतात, तो भाग प्रतिमेत ठळक दिसतो. सीटी तपासणी क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराची रचना दाखवते. या दोन्ही तपासण्या एकाच यंत्रात करणारे पहिले प्रायोगिक यंत्र १९९८ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात कार्यान्वित झाले. त्याच्या निर्मितीत डेव्हिड टाउनसेंड व रोनाल्ड नट यांचा प्रमुख वाटा होता.

कारणे

दोषाचे मूळ दोन तपासण्यांच्या कालावधीतील फरकात आहे. सीटी यंत्र छातीची प्रतिमा काही सेकंदांत टिपते. त्यामुळे तिच्यात श्वासाची एकच अवस्था गोठलेली असते. पेट तपासणीत मात्र शरीराच्या प्रत्येक टप्प्याला साधारण दोन ते तीन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात रुग्णाचे तीस-चाळीस श्वास होतात आणि हलणाऱ्या अवयवांची सरासरी प्रतिमा तयार होते.

शरीरातून बाहेर पडणारे गॅमा किरण वाटेतील ऊतींमध्ये अंशतः शोषले जातात. ही घट किती झाली असेल, याचा हिशेब सीटी प्रतिमेवरून करतात. यास क्षीणन-दुरुस्ती म्हणतात. सीटीच्या वेळी रुग्णाने खोल श्वास घेतलेला असेल, तर श्वासपटल खाली सरकते आणि यकृताच्या जागी हवेने भरलेले फुप्फुस दिसते. फुप्फुसाची घनता कमी असल्याने त्या जागी दुरुस्तीही अपुरी होते.

परिणाम

* श्वासपटलाजवळ चंद्रकोरीच्या आकाराची, क्रियाशीलता नसल्यासारखी भासणारी पट्टी उमटते.
* यकृताच्या वरच्या भागातील गाठ फुप्फुसात असल्यासारखी दिसू शकते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ३०० रुग्णांच्या एका अभ्यासात सुमारे २ टक्के रुग्णांमध्ये गाठीचे स्थान असे चुकीचे दिसले होते. अशी चूक लक्षात न आल्यास रोगाचा टप्पा व उपचारांची दिशा दोन्ही बदलू शकतात.
* लहान गाठ पसरट व फिकट दिसते आणि तिची मोजलेली क्रियाशीलता प्रत्यक्षाहून कमी भरते. उपचारापूर्वीच्या व नंतरच्या तपासणीत श्वासाची पद्धत वेगळी असेल, तर गाठ कमी झाल्याचा किंवा वाढल्याचा खोटा आभास होऊ शकतो.

दोष कमी करण्याचे उपाय

सर्वांत सोपा उपाय म्हणजे रुग्णाला योग्य सूचना देणे. संपूर्ण तपासणीत संथ व उथळ श्वास घेण्यास, किंवा सीटीच्या वेळी सामान्य उच्छ्वासानंतर क्षणभर श्वास रोखण्यास सांगतात. उच्छ्वासाच्या अखेरीची स्थिती पेटच्या सरासरी स्थितीच्या बरीच जवळ असते.

श्वसन-गेटिंग या पद्धतीत पोटावर बांधलेला संवेदक-पट्टा किंवा अवरक्त कॅमेरा श्वासाची लय नोंदवतो. त्या लयीनुसार पेटची माहिती श्वासाच्या निरनिराळ्या अवस्थांमध्ये विभागली जाते. काही नव्या प्रणाली पट्ट्याशिवाय, पेटच्या माहितीतूनच ही लय शोधतात. चतुर्मितीय सीटीमध्ये श्वासाच्या प्रत्येक अवस्थेची स्वतंत्र सीटी प्रतिमा मिळते. त्यांची सरासरी काढून क्षीणन-दुरुस्तीसाठी वापरता येते.

मर्यादा

माहितीचे विभाजन केल्यावर प्रत्येक भागात किरणांची नोंद कमी उरते आणि प्रतिमेत कणीदारपणा वाढतो. तो टाळण्यासाठी तपासणी लांबवावी लागते किंवा सर्व भागांतील हालचाल संगणकाने जुळवून ते पुन्हा एकत्र करावे लागतात. चतुर्मितीय सीटीमुळे रुग्णाला मिळणारी किरणमात्रा वाढते. धाप लागणाऱ्या रुग्णांना श्वास रोखणे जमत नाही. म्हणून शंकास्पद ठिकाणी क्षीणन-दुरुस्ती न केलेली मूळ पेट प्रतिमाही तपासतात. चंद्रकोरीसारखी पट्टी तिच्यात दिसत नाही आणि यकृतातील गाठ यकृताच्या सीमेतच असल्याचे बहुधा स्पष्ट होते.