वजन उतरावे, बळ राहावे

कारखान्यात काटकसरीची भाषा सुरू झाली की पहिली कुऱ्हाड मजुरीवर पडते, आणि पुढे उत्पादन का घटले म्हणून चौकशी होते. चरबी उतरवू पाहणारा, व्यायामशाळेत वजने उचलणारा आपला कॉलेजचा विद्यार्थी नेमके हेच करतो. सकाळी नुसता चहा, दुपारी काकडी, आणि संध्याकाळी खांद्यावर वजन घेऊन बैठका! महिन्याभरात काटा खाली येतो खरा. परंतु चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात. चरबी ही शिल्लक आहे, स्नायू हे भांडवल आहे. शिल्लक खर्चावी, भांडवल मोडू नये, एवढेच या विषयाचे सार आहे.

हा हिशेब आम्हां कामगार कार्यकर्त्यांना मजुरीच्या वाटाघाटींनी शिकवला. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन ठरवताना डॉ. आयक्रॉइड यांचे आहारमान आधाराला घेतले : मध्यम श्रम करणाऱ्या प्रौढाला दिवसाला 2700 उष्मांक. म्हणजे आहार ही आवडीनिवडीची बाब नसून जमाखर्चाची बाब आहे.

तेच गणित विद्यार्थ्याला लावू. 75 किलो वजनाच्या, आठवड्यातून चार दिवस व्यायाम करणाऱ्या तरुणाचा खर्च ढोबळमानाने 2600 उष्मांक धरावा. एक किलो चरबीत सुमारे 7700 उष्मांक साठलेले असतात. रोज 500 कमी खाल्ले, तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या जरा आत वजन उतरेल. याहून घाई करू नये.

आता स्नायूंची मजुरी, म्हणजे प्रथिने. सामान्य माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 0.83 ग्रॅम पुरतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे मान आहे. वजने उचलणाऱ्याने, विशेषतः कमी खाण्याच्या काळात, 1.6 ग्रॅमपर्यंत जावे. म्हणजे आपल्या तरुणाला 120 ग्रॅम. खाणावळीच्या ताटातून ती कशी भरायची? सहा लहान पोळ्यांतून 18, दोन वाट्या वरणातून 11, मूठभर कोरड्या कडधान्याच्या उसळीतून 13, अर्धा लिटर साय काढलेल्या दुधातून 16, चार अंड्यांतून 24, 50 ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून 26 आणि तेवढ्याच फुटाण्यांतून 10. बेरीज 118. तेल व भाज्या धरून उष्मांक 2100 च्या आसपास. अंडी न खाणाऱ्याने वड्या व दही वाढवावे. महागड्या डब्यातील पूड सोयीची असेल, पण अनिवार्य नाही.

कपात कुठे करावी? तर्रीत, फरसाणात, चहाच्या साखरेत. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 उष्मांक. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते, हा मात्र गैरसमज आहे.

यश केवळ काट्यावर मोजू नये. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. 1948 साली लंडनला 52 किलो गटात ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला 57 किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. गट वरचा, आणि यशही वरचे! म्हणून वहीत दोन रकाने ठेवा : आठवड्याचे सरासरी वजन आणि उचललेले वजन. पहिला हळूहळू उतरावा, दुसरा टिकावा. दुसराही दर आठवड्याला घसरू लागला, तर कपात जास्त झाली किंवा झोप कमी पडली असे समजून 200 उष्मांक वाढवावेत.

शेवटी एक गंभीर गोष्ट. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी असलेले मेफेंटरमाइनचे इंजेक्शन काही तरुण व्यायामाआधी जोर यावा म्हणून टोचून घेतात. त्याच्या चोरट्या विक्रीबद्दल पुण्यात अटकाही झाल्या आहेत. चरबी 'जाळणाऱ्या' अज्ञात गोळ्यांचीही तीच जात. अशा औषधांनी हृदय धोक्यात येते. यंत्राचा वेग वाढवण्यासाठी सुरक्षा-झडप बांधून ठेवणाऱ्या मालकाशी आम्ही आयुष्यभर भांडलो. आपल्याच देहाचे आपण तसे मालक होऊ नये.