दोनशेचा प्लॅन, चौऱ्याण्णवचा वेग

“प्लॅन दोनशेचा घेतलाय, पण स्पीड टेस्टचा काटा चौऱ्याण्णवच्या पुढे हलत नाही.” सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही तक्रार अधूनमधून येतेच. मग केबलवाल्याला फोन जातो, “आमच्याकडून पूर्ण सोडलंय, तुमच्याकडेच बघा” हे त्याचं ठरलेलं उत्तर येतं आणि ग्रुपवर त्याच्या नावानं शिमगा सुरू होतो. गंमत म्हणजे या एका बाबतीत तो बहुधा खरं बोलत असतो. चौऱ्याण्णव हा आकडा दिसला की घरी न जाताही निदान सांगता येतं: बहुधा राऊटरचे पोर्ट शंभराचे आहेत.

हजार-बाराशे रुपयांच्या राऊटरच्या पाठीला जी चौकोनी भोकं असतात, ती ‘फास्ट इथरनेट’ जातीची. हे मानक १९९५ सालचं. सेकंदाला १०० मेगाबिट ही त्याची कमाल मर्यादा. त्यातले पाचेक टक्के माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि खूणगाठ घालण्यात जातात, हाती चौऱ्याण्णव-पंचाण्णव उरतात. मग प्लॅन दोनशेचा असो की पाचशेचा, फरक फक्त बिलात पडतो. तांब्याच्या तारेवरून हजार मेगाबिट नेणारं ‘गिगाबिट’ मानक १९९९ मध्येच आलं, पण तसे पोर्ट बसवले की किंमत चढते, आणि स्वस्त मालात पहिली कात्री तिथेच लागते.

खोक्यावर मात्र याचा पत्ता लागत नाही. तिथे ठळक अक्षरांत असतं ‘एसी १२००’. हा आकडा म्हणजे दोन रेडिओंच्या कागदोपत्री कमाल वेगांची बेरीज: २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, होतात ११६७, वर गोळाबेरीज करून १२००. एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलणाऱ्या तुमच्या मोबाइलला ही बेरीज कधीच मिळत नाही. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ घ्या. दोन्ही खोक्यांवर एसी १२००, पण सी५०चे पोर्ट शंभराचे आणि सी६चे हजाराचे. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत काउंटरवरच्या माणसाला “शिंगं किती?” हे विचारू नका, “पोर्ट गिगाबिट आहेत का?” हे विचारा. अँटेनांच्या संख्येवरून पल्ला कळत नाही. रेडिओची ताकद किती असावी हे सरकारी नियमानं बांधलेलं आहे, आणि राऊटरचा आवाज लांबपर्यंत गेला तरी मोबाइलचं क्षीण उत्तर परत पोचायला नको का?

प्लॅन शंभराच्या आतला असेल, आणि बहुतेक घरांना तेवढा भरपूर होतो, तर महाग राऊटरचा हट्ट सोडा. फक्त दोन पट्ट्यांचा, म्हणजे ड्युअल बँड घ्या. नुसत्या २.४वर चालणारा सगळ्यात स्वस्त राऊटर गावात मोकळ्यावरच्या घराला चालेल, डोंबिवली किंवा सिंहगड रोडवरच्या दाट वस्तीत तो रडवेल. का, ते पुढे येतंच.

राऊटर गिगाबिट आणूनही काटा चौऱ्याण्णववरच असेल, तर तार पाहा. लॅन केबलीत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळून चार जोड्या. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात. पोऱ्यानं घाईत क्रिम्पिंग करताना एखादी तार टोकाच्या प्लास्टिकच्या खटक्यात नीट बसवली नाही, तर दोन्हीकडची यंत्रं निमूटपणे शंभरावर तडजोड करतात. कुठे लाल दिवा लागत नाही, कुणी तक्रार करत नाही. टोक उजेडात धरा. पारदर्शक खटक्यातून आठही रंग अगदी पुढपर्यंत आलेले दिसले पाहिजेत. काही ठिकाणी तर चारच तारा जोडलेल्या सापडतात. टोक कापून नवं बसवायला किरकोळ खर्च येतो.

जोडणीआधी आपल्या घरी नेट कसं येतं ते ओळखलं पाहिजे. एक प्रकार असा: फायबर इमारतीच्या गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या पेटीपर्यंत येते आणि तिथून घरात साधी लॅन केबल. दुसरा प्रकार: फायबर थेट घरात, आणि टोकाला एक पांढरी डबी. तिला कुणी ओएनयू म्हणतं, कुणी ओएनटी, घरात सगळे मॉडेमच म्हणतात. हिच्यात शिरणाऱ्या वायरच्या टोकाला बहुधा हिरवी पिन असते. ती उपसून आत डोळा लावू नका, आतला प्रकाश अवरक्त असल्यामुळे दिसत नाही, पण असतो. आणि ती वायर कपाटामागे करकचून दुमडू नका. ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, तर प्रकाश डबीपर्यंत पोचत नाही असा त्याचा अर्थ. तिथे राऊटर बंद-चालू करून काही होणार नाही, केबलवाल्यालाच बोलवा.

पहिल्या प्रकारात नवा राऊटर स्वतः ‘डायल’ करतो. केबल निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये घाला आणि सेटिंगमध्ये पीपीपीओई निवडून केबलवाल्यानं दिलेला युजर आयडी आणि पासवर्ड भरा. हे दोन्ही आधीच लिहून घ्या. बिल भरलेल्या ग्राहकाला ते मिळायलाच हवेत, पण अनेक जण ते गुपितासारखे जपतात. अक्षर न् अक्षर बरोबर भरूनही जोडणी होत नसेल, तर बहुधा कंपनीनं तुमच्या खात्याला जुन्या राऊटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा ओळखक्रमांक, बांधून ठेवलेला असतो. फोन करून तो काढायला सांगा, किंवा ‘मॅक क्लोन’मध्ये जुन्या राऊटरच्या पोटाखालच्या स्टिकरवरचा पत्ता टाका.

दुसऱ्या प्रकारात डबी स्वतःच राऊटर असते आणि वायफायही देते. तिला नवा राऊटर जोडला की एकामागे एक असे दोन राऊटर होतात आणि घोळ सुरू होतो. दोघांचाही घरातला पत्ता १९२.१६८.१.१ असला तर सेटिंगचं पान कधी याचं उघडतं, कधी त्याचं, कधी कुणाचंच नाही. नवा राऊटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाकणं हा सर्वांत सोपा उपाय. पत्ते वाटायचं काम डबीकडे राहतं, नवा फक्त वायफाय पसरवतो. मग डबीचं स्वतःचं वायफाय बंद केलं तरी चालतं.

आता ते सेटिंगचं पान. राऊटर चालू करून स्टिकरवर लिहिलेल्या वायफायला मोबाइल जोडायचा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा स्टिकरवर असेल तो पत्ता टाकायचा. इथेच निम्मे लोक अडकतात. नव्या राऊटरला अजून इंटरनेट नसतं, म्हणून मोबाइल “या वायफायवर इंटरनेट नाही” असं म्हणत गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि पान उघडत नाही. लोकांना वाटतं राऊटर खराब. आधी मोबाइल डेटा बंद करा, मग पत्ता टाका.

पान उघडल्यावर सगळ्यात आधी त्या पानाचाच पासवर्ड बदला. तो वायफायचा पासवर्ड नव्हे. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन ही जोडी जगजाहीर आहे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या, त्यामागच्या ‘मिराई’ या उपद्रवानं घरगुती कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर अशाच कारखान्यातून आलेल्या पासवर्डांवर काबीज केले होते. मग वायफायला डब्ल्यूपीए२ किंवा असल्यास डब्ल्यूपीए३ लावून लांबलचक पासवर्ड द्या. बिऱ्हाडाचा फ्लॅट नंबर आणि मोबाइल नंबर हे पासवर्ड नव्हेत. ‘डब्ल्यूपीएस’ बंद करा. त्याचा आठ आकडी पिन राऊटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी अकरा हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ च्या डिसेंबरमध्येच उघड झालं. रिमोट मॅनेजमेंट बंद. फर्मवेअरचं अपडेट दिसत असेल तर ते घ्या आणि तेवढ्या वेळात प्लग काढू नका.

“आमच्या वायफायमध्ये चोरण्यासारखं काय आहे?” असं विचारणाऱ्यांना नवी मुंबईची आठवण करून द्यावी लागते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना गेलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढत पोलीस सानपाड्यातल्या एका अमेरिकी रहिवाशाच्या घरी पोचले. ई-मेल त्याच्या वायफायवरून गेला होता, पाठवणारा दुसराच कुणी होता. चौकशीचा ससेमिरा मात्र त्या गृहस्थामागे लागला. तुमच्या जोडणीवरून जे बाहेर जातं, त्याचा पत्ता तुमचाच निघतो.

दाट वस्तीचा प्रश्न वर अर्धवट सोडला होता. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार बिऱ्हाडं धरली तरी वर-खाली मिळून बारा राऊटर तीन वाटांवर रेटारेटी करतात, त्यात ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यातले. मोबाइलवरच्या वायफाय अ‍ॅनालायझरनं कमी गर्दीचा चॅनेल शोधून १, ६, ११ पैकीच निवडा. मधला ३ किंवा ८ घेतलात तर दोन्ही बाजूंचा त्रास होतो. चॅनेलची रुंदी ४० नको, २० मेगाहर्ट्झ ठेवा. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये आणखी खुला झाला, तिथे ऐसपैस जागा आहे, पण भिंत आडवी आली की तो लवकर हात टेकतो. टीव्ही आणि लॅपटॉप पाचवर, लांबच्या खोलीतला मोबाइल २.४वर, अशी वाटणी करावी. दोन्हींना वेगवेगळी नावं दिली की हे हातात राहतं.

राऊटरची जागा बहुतेक घरांत कुणी ठरवतच नाही. केबलवाल्याची तार जिथे संपली, तिथे तो बसतो: मुख्य दारावर, मीटर बोर्डाशेजारी, नाहीतर टीव्हीच्या मागे. चार भिंतींच्या आरसीसी फ्लॅटमध्ये हे कसंबसं निभतं. वाड्यातल्या दगडी भिंतीत किंवा कोकणातल्या चिऱ्याच्या घरात पलीकडच्या खोलीत नावालाही सिग्नल नसतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी आणि पाण्याची टाकी हे वायफायचे पक्के वैरी. राऊटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर हवा. त्यासाठी रिपीटर आणण्याऐवजी चांगली कॅट ६ केबल टाका. इथरनेट शंभर मीटरपर्यंत बिनघोर जातं. रिपीटर बिचारा तोच सिग्नल ऐकून पुन्हा ओरडतो, आणि साधा असेल तर त्यात वेग अर्ध्यावर येतो.

परदेशातल्या मुलांना आईवडिलांच्या घरचा कॅमेरा बघायचा असतो, म्हणून कुणीतरी ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून जातं आणि ते चालत नाही. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता पाहा. तो १० नं किंवा १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीनं एकच जाहीर पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. इमारतीचा पत्ता आहे, पण दारावर फ्लॅट नंबर नाही, तेव्हा बाहेरून आलेला टपालवाला खालीच थांबतो. अशा वेळी कॅमेऱ्याच्या कंपनीचं अ‍ॅप वापरा, किंवा जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी मागा.

वीज गेल्यावर काय, हा आपल्याकडचा खास प्रश्न. त्यासाठी मिनी यूपीएस मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवरचे आकडे वाचा: काही स्वस्त राऊटर ९ व्होल्टचे असतात, बरेचसे १२चे. चुकीचा व्होल्ट दिलात तर राऊटर जाईल. फायबर थेट घरात असेल तर डबी आणि राऊटर दोघांनाही यूपीएसवर घ्या. थेट घरात येणाऱ्या फायबरच्या या ‘जीपॉन’ पद्धतीत केबलवाल्याच्या केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत वाटेत कुठेच वीज लागत नाही, त्यामुळे त्याच्याकडे बॅकअप असला की अंधारातही नेट चालतं. लॅन केबलीचं नेट असेल, तर गच्चीवरच्या पेटीतला स्विच विजेवर चालतो. तो बंद पडला की घरात कितीही यूपीएस लावा, उपयोग शून्य. सोसायटीच्या सभेत हा मुद्दा लिफ्टच्या बॅकअपबरोबर मांडायला हरकत नाही.

नवा राऊटर लागला की जुना भंगारवाल्याला किंवा ओळखीत देऊन टाकला जातो. देण्याआधी मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून रीसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा. तुमच्या वायफायचा आणि केबलवाल्याच्या खात्याचा पासवर्ड त्याच्या पोटात जसाच्या तसा असतो, आणि प्लग काढल्यानं तो पुसला जात नाही.