वाऱ्याच्या अंगणात करवंद, धायटी

कोल्हापूरच्या उपनगरांत मोकळ्या माळाकडे तोंड असलेल्या घरांपुढे एक अडचण दरवर्षी उभी राहते. जूनमध्ये हौसेने लावलेली शोभेची झुडपे जुलै-ऑगस्टच्या पश्चिमेकडील वाऱ्यात कलतात, मोडतात. त्यातून तगलीच, तर जानेवारीत त्यांच्या पानांच्या कडा करपतात आणि दोष थंडीला दिला जातो.

खरे तर या शहरात हिवाळ्याच्या रात्री पारा साधारण १४-१५ अंशांच्या आसपास असतो, एखाद्या लाटेत त्याहून खाली जातो. पानातले पाणी गोठवणारी ही थंडी नव्हे. नुकसान करतो तो कोरडा वारा. पानावरच्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते आणि पानालगत ओलसर हवेचा पातळ थर राहतो. वारा हा थर उडवून नेतो, त्यामुळे पान अधिक वेगाने सुकते. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून येतो, पाऊस थांबलेला असतो आणि गार मातीतून मुळे पाणी सावकाश ओढतात. मोठ्या, मऊ पानांची झुडपे इथेच हरतात.

अशा अंगणासाठी झुडूप निवडायचे, तर पन्हाळा, जोतिबाचा डोंगर, मसाई पठार या परिसरात उघड्यावर काय टिकले आहे ते आधी पाहावे. करवंदाची जाळी तिथे वर्षानुवर्षे वारा खाते. पाने लहान, जाड आणि चकचकीत, फांद्या चिवट. उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरी सुवासिक फुले येतात आणि एप्रिल-मेमध्ये फळे. काटे मात्र खरेच बोचतात, म्हणून जाळी कुंपणालगत लावावी, फाटकाच्या वाटेवर नको.

धायटीची निवड त्याहूनही शहाणपणाची. बाकीची बाग मरगळलेली असते, तेव्हा हिवाळ्याच्या उत्तरार्धात तिच्या फांद्या लाल फुलांनी भरतात आणि मध पिण्यासाठी शिंजीर येतात. आयुर्वेदातली आसवे-अरिष्टे आंबवताना वापरतात ती हीच फुले. निरगुडी वाऱ्याला वाकते, पण सहसा मोडत नाही. शेताच्या बांधावर ती पूर्वापार आहे. अडुळसा आणि कोरांटी थोड्या आडोशाला, दुसऱ्या रांगेत बसवाव्यात. कारवीचा मोह अनेकांना होतो. पण ती साधारण सात वर्षांनी एकदा फुलते आणि मरते. ती डोंगरउतारावरच शोभते.

कण्हेर वाऱ्यात उत्तम टिकते आणि बारमाही फुलते, म्हणून सर्रास लावली जाते. तिचा प्रत्येक भाग विषारी असतो आणि ते विष हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. घरात लहान मूल किंवा गाय-शेळी असेल, तर ती टाळलेलीच बरी. कोणी पान किंवा फूल चघळल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

वारा अडवायला कंपाउंडची भिंत उंच करण्याकडे ओढा असतो. भरीव भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करून खाली आपटतो. झुडपांच्या फटींतून थोडा वारा जाऊ दिला, तर उरलेल्याचा जोर कमी होतो. अशा कुंपणाचा आडोसा त्याच्या उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत जाणवतो, म्हणजे डोक्याएवढी जाळीही छोट्या अंगणाला पुरते.

लागवड पहिल्या दमदार पावसानंतर करावी. पुरुषभर उंचीचे रोप आणण्याऐवजी वीतभर-हातभर उंचीचे आणावे; मुळे लवकर पसरतात. काठीला घट्ट जखडण्याची चूक फार होते. वाऱ्याने हलणाऱ्या रोपाचे खोड बुटके आणि जाड होते, बांधलेल्याचे लांबट आणि कच्चे राहते. आधार द्यायचाच, तर सैल, आणि तोही पहिल्या काही महिन्यांपुरता. शहरातल्या काळ्या मातीत पाणी साचते, करवंदाला ते सोसत नाही. त्याच्या खड्ड्यात मुरूम मिसळून रोप थोडे उंचवट्यावर लावावे. खताचा मारा नको, त्याने मऊ फुटवा येतो. ऑक्टोबरनंतर बुंध्याशी पालापाचोळा पसरावा आणि रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्यावे.

रोपे डोंगरावरून उपटून आणू नयेत. मुळे तुटतात, बहुतेक रोपे मरतात आणि पठार उघडे पडते. पिकलेल्या करवंदांचे बी धुऊन लगेच पेरले, तर उगवते. निरगुडीच्या फांद्याही रुजतात. ओळख पटवायची असेल, तर शिवाजी विद्यापीठाचे वनस्पती उद्यान शहरातच आहे, आणि यादव व सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथही २००२ मध्ये याच विद्यापीठाने प्रकाशित केला आहे. रोपवाटिकेत मात्र झुडपाचे मराठी नाव सांगूनच मागणी करावी आणि घाणेरीचे रंगीत वाण ‘गावठी’ म्हणून पुढे केले, तर घेऊ नये. ती मूळची अमेरिका खंडातली आहे आणि आपल्या डोंगरांवर आधीच हवी त्याहून अधिक पसरली आहे.