हाएनमधला चोथा

सकाळी ७. स्पेनच्या हाएन प्रांतात डिसेंबर म्हणजे ऑलिव्हचा ऐन हंगाम. गिरणी रात्रभर थांबलेली नाही. डिकॅन्टरच्या एका तोंडातून तेल पडतंय, दुसऱ्यातून अल्पेरूहो. साल, गर, बियांचा चुरा आणि फळातलं पाणी यांचा हा ओला, काळपट चोथा. १०० किलो फळांमागे तेल साधारण २० किलो, बाकी जवळजवळ सगळं हेच. फळातली फिनॉलं पाण्याच्या ओढीची, म्हणून तेलात त्यांतली जेमतेम दोनेक टक्के उतरतात. उरलेली सगळी माझ्या डब्यात. मी चोथा यंत्राखालचाच भरून घेते. उघड्या तळ्यात साठवलेला आंबतो, त्यातलं द्रव्य रोज बदलत जातं.

८.३०. चोथा वाफेच्या पात्रात, १६० अंशांच्या आसपास. सेव्हिलच्या 'इन्स्तितुतो दे ला ग्रासा'मधल्या संशोधकांनी या वाटेवर बरीच वर्षं काम केलंय. उष्णतेने गराच्या पेशीभित्तिका सैल होतात आणि अडकून बसलेलं हायड्रॉक्सिटायरोसॉल हे फिनॉल पाण्यात उतरतं. दाबाच्या काट्यावरून नजर हलवायची नाही.

१०.३०. सेंट्रिफ्यूजमध्ये पाणी आणि घन भाग वेगळे. घन भागात उरलेलं तेल काढायचं, राहिलेलं जळणाला.

११.३०. दिवसातलं माझं सगळ्यात आवडतं काम: रेझिनचा स्तंभ. वरून तपकिरी पाणी सोडलं की फिनॉलं रेझिनच्या मण्यांना धरून बसतात. साखर आणि क्षार खाली वाहून जातात. पाण्याने नीट धुवून घेतलं की मग इथेनॉल. बोटभर रुंदीचा गडद पट्टा सरकत खाली येतो, आणि नळीच्या टोकाशी पहिला लालसर थेंब दिसला की बाटली बदलायची. क्षणभर उशीर झाला तर चांगला भाग आधीच्या धुवणात जातो.

२.३०. जेवण.

४. एचपीएलसी यंत्रावर तपासणी, २८० नॅनोमीटर. आधी हायड्रॉक्सिटायरोसॉलचं शिखर, मागून टायरोसॉलचं. इथेनॉल निर्वातात उडवून पुढच्या खेपेसाठी परत घेतलं जातं.

५.३०. गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीचा फोन. लेबलवर 'हृदयरोग टळतो' असं हवंय. मी नाही म्हणते. युरोपीय संघाने २०१२ मध्ये परवानगी दिली ती ऑलिव्ह तेलासाठी: २० ग्रॅम तेलात किमान ५ मिलिग्रॅम हायड्रॉक्सिटायरोसॉल आणि त्याची संयुगं असतील, तर रक्तातल्या स्निग्ध पदार्थांचं ऑक्सिडेटिव्ह ताणापासून रक्षण व्हायला मदत होते, एवढंच लिहिता येतं. चोथ्यातून काढलेल्या अर्काला ती मुभा नाही. या चोथ्यात खरोखर मोलाचं काही आहे, म्हणूनच त्याच्या नावावर खोटं खपवलेलं मला चालणार नाही. आमच्या लेबलवर द्रव्याचं प्रमाण, खेपेचा क्रमांक आणि तारीख.