मोटारीची बसलेली पाठ

नवी मोटार जशी ताठ उभी असते तशी ती जन्मभर राहत नाही. वर्षानुवर्षे घरची माणसे, तांदळाची पोती, नारळांच्या राशी आणि लग्नसराईतले पाहुणे वाहिल्यावर तिचा मागचा भाग हळूहळू खाली बसतो. खड्ड्यात चाक गेले की खालून धाडकन आवाज येतो. घरची मंडळी ‘गाडी जुनी झाली’ एवढे म्हणून स्वस्थ राहतात. परंतु हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हे. मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांत सुमारे अडीच मीटर अंतर असते. मागची बाजू 5 सेंटिमीटर बसली, तर पुढच्या दिव्यांचा झोत 50 मीटरांवर सुमारे 1 मीटर वर चढतो. अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या सायकलस्वाराच्या डोळ्यांवर तो पडला म्हणजे काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

आजच्या बहुतेक छोट्या मोटारींना मागे वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असतात. त्या बसल्या तर दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्या. वेटोळ्यांमध्ये कोंबावयाचे रबरी तुकडे बाजारात मिळतात, त्यांनी स्प्रिंग कडक होते, सुधारत नाही. उत्तरपाडा येथे 2014 सालापर्यंत तयार होत असलेल्या अँबॅसेडरची गोष्ट निराळी. तिच्या मागच्या आसाखाली पोलादी पाट्यांचे जुडगे असतात, आणि ते दुरुस्त करता येतात.

प्रथम दोष नेमका कोठे आहे हे पाहावे. सपाट जागी, डिकी रिकामी करून, गाडी हाताने दोन-चार वेळा हलवून स्थिर होऊ द्यावी. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. जमिनीपासून मोजले तर टायरमधील हवेचा फरक त्यात मिसळतो. एकच बाजू खाली असेल तर पाटा तुटलेला असण्याचा संभव अधिक. काही कारागीर अशा वेळी शॉक ॲब्सॉर्बर बदला म्हणून सांगतात. तो खर्च व्यर्थ होय. शॉक ॲब्सॉर्बर गाडीचे झोके आवरतो. तिचे वजन पेलणे हे पाट्यांचे काम आहे.

बसलेला पाटा ‘मऊ’ झाला, असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याची ताठरता फारशी बदललेली नसते. अति भाराने त्याची कमान तेवढी गेलेली असते. गंजाची गोष्ट मात्र खरोखरच गंभीर. पाट्याची ताठरता त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असते. 6 मिलिमीटरांचा पाटा झिजून 5 मिलिमीटर उरला, तर जवळजवळ 42 टक्के ताठरता नाहीशी होते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत आणि कोकणच्या पावसात जुन्या गाड्यांची पाठ लवकर बसते, त्यात नवल नाही.

आता उपायाकडे वळू. सर्वांत स्वस्त म्हणून जुडग्यात आणखी एक पाटा घालतात. गाडी वर उचलली जाते खरी, पण रिकामी असता ती दगडासारखी आदळू लागते. गाडीत नेहमीच जड सामान, किंवा डिकीत गॅसचे नळकांडे असेल, तरच तो उपाय रास्त. दुसरा उपाय म्हणजे पाटे थंडच ठोकून पुन्हा वाकविणे. तो काही काळ चालतो, पण कमान पुन्हा उतरू लागते. कोयत्याला पाणी कसे देतात हे गावच्या लोहाराला ठाऊक असते. पाट्याचेही तेच आहे. तो 850 अंशांच्या आसपास तापवून, वाकवून, तेलात विझवावा लागतो आणि मग 400 ते 500 अंशांवर पुन्हा तापवावा लागतो. ही सोय जेथे आहे तेथेच हे काम द्यावे. गाडीखालीच गॅसच्या ज्योतीने पाटा लाल करणारा कारागीर भेटल्यास त्याला तत्काळ थांबवावे, कारण त्या ठिकाणी पोलादाचे पाणी कायमचे उतरते. गंजलेले किंवा चिरलेले पाटे असतील तर मात्र दोन्ही बाजूंना नवे जुडगेच घालावे.

पाटे काढताना पुढची चाके ठोकळ्यांनी अडवावी. गाडीचा सांगाडा भक्कम आधारावर ठेवावा. नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही शिरू नये. आस दुसऱ्या जॅकवर पेलून धरावा, म्हणजे ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही. मग यू-बोल्ट सोडून आस हळूहळू खाली घ्यावा. जुडगा शेगड्यात घट्ट धरल्याशिवाय त्याचा मधला बोल्ट सोडू नये. दबलेले पाटे उसळून माणसाचा हात मोडू शकतो. त्याच बोल्टाच्या भोकापाशी चिरा पडतात, म्हणून तेथे पुसून, उजेडात नीट पाहावे.

जोडताना यू-बोल्ट नवे घ्यावे. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळावे. गाडी अधांतरी असता आवळले तर रबर पिळले जाऊन लवकर फाटते. दोनशे-अडीचशे किलोमीटर गाडी चालली की यू-बोल्ट पुन्हा आवळावे, मडगार्डपर्यंतचे अंतर पुन्हा मोजावे, आणि त्याच संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून दिव्यांचा झोत ठीक करून घ्यावा.