तेलाची बगलवाट

पौषातल्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी तेल बाहेर येत नाही, हे तुम्ही पाहिलेच असेल. बाटली उन्हात ठेवावी लागते. एंजिनातले वंगणतेल असे थिजत नाही. पण थंडीत ते फार दाट होते. जाड प्रतीचे एंजिन-तेल १०० अंश सेल्सिअसला जसे असते, त्याच्या शंभरपटीहून अधिक दाट ते शून्य अंशाला होते. एंजिन बनविणाऱ्यांपुढचा एक मोठा पेच यातूनच उभा राहतो.

वंगणतेल फक्त घर्षण कमी करते असे आपण समजतो. पण पिस्टन व बेअरिंगे यांची उष्णता वाहून नेण्याचे कामही त्याच्याकडे असते. विमान, ट्रक यांच्या मोठ्या एंजिनांत तेल इतके तापते की, ते मुद्दाम थंड करावे लागते. त्यासाठी असतो तेल-शीतक, म्हणजेच ऑइल कूलर. पंपाने ढकललेले तेल त्यातल्या अरुंद वाटांतून जाते, बाहेरून वारा किंवा पाणी वाहते आणि निवलेले तेल बेअरिंगांकडे जाते.

आता कडाक्याच्या थंडीत रात्रभर उघड्यावर उभे असलेले एंजिन सुरू केले तर काय होईल? दाट तेल आणि अरुंद वाट! नळीचा व्यास निम्मा केला, तर तेवढेच तेल तेवढ्याच वेळात पुढे पाठविण्यासाठी १६ पट दाब लागतो. पंप जोर लावतच राहतो. अशा वेळी शीतक फुटण्याची भीती. आणि तो टिकला तरी बेअरिंगांपर्यंत तेलच पोचत नाही. कोरडी बेअरिंगे थोड्याच वेळात खराब होतात.

म्हणून शीतकाच्या आत शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या तोंडांमध्ये एक जवळची वाट ठेवतात. इंग्रजीत तिला बायपास म्हणतात. आपण बगलवाट म्हणू. या वाटेवर स्प्रिंगने दाबून धरलेली एक गोळी किंवा चकती असते. गंमत अशी की, ही झडप नुसता तेलाचा दाब पाहत नाही. दोन तोंडांच्या दाबांतला फरक ती पाहते. वाट मोकळी असली की फरक थोडा. शीतक तुंबला की फरक वाढतो, स्प्रिंग दबते आणि तेल परस्पर पुढे जाते. कचऱ्याने शीतक चोंदला तरीही असेच घडते. न निवलेले तेल बेअरिंगांना बाधते खरे, पण तेलच न मिळण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

दुसऱ्या प्रकारची झडप तापमान ओळखते. तिच्या पोटात मेण असते! वाटीत वितळविलेले मेण थिजले की मध्ये खळगा पडतो, तो कधी पाहिला आहे का? मेण थिजताना आकसते आणि वितळताना फुगते. तेल तापले की झडपेतले मेण वितळून फुगते, एक दांडा पुढे सरकवते आणि बगलवाट बंद होते. मग तेलाला शीतकातूनच जावे लागते. लायकमिंग कंपनीच्या लहान विमानांसाठीच्या एंजिनांत हे सुमारे ८५ अंशांना घडते. झडप तपासायची असेल, तर ती बाहेर काढून गरम पाण्यात ठेवतात आणि दांडा किती पुढे येतो ते मोजतात.

जुन्या मोठ्या पंख्याच्या विमानांत तर वैमानिकाला चकविणारा एक प्रकार घडे. अतिशय थंड हवेत शीतकाच्या कडेच्या नळ्यांतले तेल घट्ट होऊन बसे. मग गरम तेल मधल्या थोड्याच नळ्यांतून घाईने निघून जाई आणि निवायला त्याला वेळच मिळत नसे. बाहेर बर्फासारखा वारा, आणि तापमापकाचा काटा मात्र चढत चाललेला! वैमानिकाला वाटे, वारा कमी पडतो आहे. तो शीतकासमोरची दारे अधिक उघडी, आणि आणखी नळ्या तुंबत. खरा उपाय अगदी उलटा होता: दारे मिटून घ्यायची. शीतक उबदार झाला की कडेचे तेल सुटे, सर्व नळ्या वाहू लागत आणि काटा खाली येई.

यासाठी अशा शीतकांची बगलवाटही खुबीने आखलेली असते. ती दूरवरून न नेता शीतकालाच बाहेरून वेढणारी पोकळी म्हणून ठेवतात. बगलेने जाणारे गरम तेल जाता जाता आतल्या नळ्यांना ऊब देते.